आपल्या विमा कंपनीची शिल्लक आणि माझं ‘नको’

तीर्थरूप रग्नाआत्यास,

मिनेसोटाहून अर्विदचा वाकून नमस्कार (अर्धाच, कंबर धरली आहे). अ‍ॅरिझोनाच्या उन्हात तुझे गुडघे बरे असतील. इकडे सगळं ठीक. म्हणजे हे लिहिताना मी सारखा उठून खिडकीशी जातोय, वांडाने ‘बूड टेका एकदाचं’ म्हणून दम दिलाय, पण ते सोड.

तुझ्या वडिलांनी शेजारीपाजारी जमवून गोठ्यांच्या विम्याची कंपनी काढली, तिचा अध्यक्ष आता मी. जूनच्या गारपिटीत निम्म्या गावाची छपरं गेली आणि आम्ही झाडून सगळ्यांचे दावे चुकते केले. छाती फुगवून बसलो होतो, तेवढ्यात राजधानीहून विमा खात्याच्या तपासनीस प्रुइटबाई आल्या. (कॉफी विचारली तर बाई पहिल्याच वेळी ‘हो’ म्हणाल्या! आम्ही एकमेकांची तोंडं बघत राहिलो.) त्या म्हणाल्या, दिलंत ते छान, पण उद्या पुन्हा गारा पडल्या तर कशातून द्याल? सगळी देणी वजा जाता ठरावीक शिल्लक हवीच. महिनाअखेर दिसली नाही तर परवाना गेला, आणि आपले सभासद शहरातल्या बड्या कंपनीच्या दारात. ती कंपनी इंगवाल्डचा लाकडी गोठा लांबूनच बघून पळेल. मग आम्ही होतं नव्हतं ते पुढे केलं: कचेरीतल्या खुर्च्या, कॉफीची मोठी किटली, जुना आगीचा बंब. बाईंनी एकेकावर काट मारली. असलं सामान शिलकेत धरत नाहीत म्हणे. इंगवाल्ड आमचा संचालक, शिवाय बंब तोच पुसतो, तो भडकला. “म्हणजे बंब काय आम्ही चोरून आणलाय?”

आणि त्याच संध्याकाळी तुझा फोन आला. तू म्हणालीस, मी घालते पैसे, सगळ्यांचं देणं भागल्यावर शेवटी मला द्या. आत्या, नेमका असाच, शेवटी फेडायचा पैसा देण्यात न धरता शिलकेत धरतात! मी काय म्हणालो? “छे छे, तू कशाला उगाच!” आणि तू “बरं” म्हणून फोन ठेवलास. अगं, ठेवलास कसा? पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा नको, तिसऱ्यांदा ‘बरं, अर्धा कप’, हे मला तूच शिकवलंस ना? वाळवंटात राहून माणूस इतकं विसरतं? तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. फोन वाजला की धावतो; दर वेळी इंगवाल्डच असतो, बंबाबद्दल.

असो. तुझे पैसे आम्हाला नकोतच. मनात काही आणू नकोस. गुडघ्यांना जप.

तुझा,
अर्विद

ता.क. हे ‘नको’ दुसरं धर.

ता.क. २ म्हणजे उरला फक्त एक फोन. आपण होऊन मागणं आपल्या नॉर्वेजियन लोकांत नसतं, म्हणून मी काहीच मागत नाहीये. पण आत्या, आजोबांची कंपनी माझ्या हातून बुडाली तर मला चर्चमध्ये मान वर करता यायची नाही.

ता.क. ३ आत्या, मी वांडा. यांनी पाकीट चिकटवलं आणि आठवडाभर कोटाच्या खिशात घेऊन फिरले. मी उघडलं, वाचलं, आणि आत्ता पोस्टात टाकतेय. मी पोलिश घरातली; आमच्यात पहिल्यांदाच ‘हो’ म्हणतात. तेव्हा हो. फोन दुपारी कर, हे कचेरीत असतात, मी उचलेन.