ईदचे तमाले आणि आसमाची पेटी

मिरकाब, कुवेत
ईदचा दुसरा दिवस, १९६४

वडीलधाऱ्या आमिना खाला यांस कासमचा अदबीचा सलाम,

तुमचा गुडघा आता कसा आहे? थंडीत दुखतो असं मागे कळवलं होतंत म्हणून मी इथून तेलाची बाटली पाठवली होती. पोचली असल्यास ती गुडघ्याला चोळायची आहे. (मागच्या वेळची तुम्ही खोकल्यावर घेतलीत असं कळलं. खोकला गेला, ही अल्लाची मेहेरबानी.) परसातली हळद, गाय आणि शेजारची भांडणं सगळी ठीक असतील. इकडे आम्हीही खुशाल आहोत. म्हणजे मी आहे. आसमाही आहे, पण ती खुशाल आहे की नाही हे तिला विचारायची आज माझी हिंमत नाही. पत्र विमानाने पाठवतोय, कारण ते बोटीच्या आधी तुमच्या हाती पडायला हवं. कुठली बोट ते पुढे येईलच. तुम्ही घाबरू नका, घरात घाबरायला मी एकटा पुरेसा आहे.

तुम्ही माझ्या सासू नंतर झालात, खाला आधी, त्या हक्कानं सरळ सांगतो. तुमच्या लेकीनं पेटी बांधली आहे. तीच हिरवी पत्र्याची, लग्नात तुम्ही दिलेली. तिला दोरीचे असे वेढे घातलेत की बोकडही सुटायचा नाही, आणि ती अगदी दाराशी ठेवून दिली आहे. आमच्या खोल्या दोन, त्यामुळे पाणी प्यायला उठलं तरी पेटीला वळसा घालावा लागतो. मी तिला अजून हात लावलेला नाही. (बोटसुद्धा नाही. पेटी जागची हलवली म्हणजे तिचं जाणं मी कबूल केलं, अशी माझी समजूत आहे.) आपले नझीर मामू नोकरी संपवून येत्या गुरुवारच्या बोटीनं कायमचे गावी निघालेत हे तुम्हाला ठाऊकच आहे. सख्खा मामा सोबतीला असल्यावर बाईमाणसाला काय अडचण? मामूंनी फक्त एक अट घातली. म्हणाले, ईदला तुम्हा दोघांकडे जेवायला येईन, जेवण झालं की आसमाला समोर बसवून विचारीन, आणि तिनं स्वतःच्या तोंडानं ‘येते’ म्हटलं तर घेऊन जाईन. तेव्हा लोक ईदच्या जेवणाची वाट बघत होते आणि मी कोर्टाच्या तारखेची.

कारण विचाराल, तर मला ते आजही नीट कळलेलं नाही. मी पत्ते खेळत नाही, बाहेर जेवत नाही, पगार तिच्या हातात देतो. उलट, तेल कंपनीच्या अमेरिकन साहेबाच्या बंगल्यावर दिवसभर चुलीपुढे उभा राहून आलो, तरी घरी तिच्या स्वयंपाकात लक्ष घालतो. दुसरा कुठला नवरा घालील? आल्याबरोबर झाकणं उघडतो, चाखतो, कमीजास्त सांगतो. मसाल्याचे डबे तिनं कसेही मांडले होते, ते मी उंचीप्रमाणे ओळीनं लावून दिले. एकदा एवढंच म्हणालो की मडमच्या घरी (मडम म्हणजे साहेबाची बायको) कांदा असा चिरत नाहीत. त्यावर तिनं सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, “तिथली चूल तुमची, हिथली पन तुमची. मग मी हिथं कोन?” मी म्हटलं, “तू खाणारी.” (मला हे उत्तर प्रेमाचं वाटलं होतं.) त्याच संध्याकाळी पेटी पलंगाखालून बाहेर आली.

आता तमाले. नाताळात मडमच्या घरी तिचं सगळं गणगोत जमलं होतं. त्यात तिची धाकटी जाऊ अमेरिकेहून नवीनच आलेली, खिडकीतून वाळू दिसली की रडणारी आणि जो भेटेल त्याला परतीचं विमान विचारणारी. मडमनं सगळ्या बायकांना टेबलाभोवती बसवलं आणि तमाले करायला घेतले. तमाला म्हणजे आपल्या पातोळ्याचा परदेशी मावसभाऊ समजा. मक्याचं पीठ, पोटात भाजलेली हिरवी मिरची आणि चीज, आणि हे सगळं हळदीच्या पानाऐवजी मक्याच्या कणसाच्या वाळक्या सालीत गुंडाळून वाफवायचं. (पिठात ती डब्यातली जी चरबी घालते तिचं नाव मी या पत्रात लिहीत नाही. ती घालत होती तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून उभा होतो. आपल्या घरी मी तूप वापरलं.) बायका दिवसभर गुंडाळत बसल्या, खिदळल्या, एकमेकींच्या सासवांच्या नकला केल्या, आणि शेवटी ती जाऊ पोटभर खाऊन म्हणाली की राहते. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मनात म्हटलं, कासम, औषध सापडलं! मडमला कृती विचारली. ती म्हणाली, दोन गोष्टी विसरू नकोस. एक तर याला पुष्कळ हात लागतात. आणि टोप चुलीवर असेपर्यंत घरात कुणी रागवायचं नाही, नाहीतर तमाले कच्चे राहतात, असं तिची आजी सांगायची. पहिली गोष्ट मी तिथल्या तिथे सोडून दिली, कारण ती हौशी बायकांसाठी आहे, मी धंद्यातला माणूस. दुसरीनं मात्र माझी झोप उडवली. आमच्या घरात, त्या दिवसांत, कुणी रागवायचं नाही!

साली मडमनं दिल्या, चीजचा डबाही तिनंच दिला. मका मिळाला कबुतरांच्या दाण्याच्या दुकानात. (आमच्या घरमालकानं गच्चीत कबुतरं पाळलीत, त्याच्याच ओळखीचा दुकानदार.) पण हा मका आधी चुन्याच्या पाण्यात उकळावा लागतो, म्हणजे त्याचं टरफल सुटतं आणि तो मऊ होतो. भिंतीला लावायचा चुना ईदच्या जेवणात घालायला हात धजेना, आणि खायचा चुना आमच्या सगळ्या ओळखीत एकाच माणसाकडे होता, तो म्हणजे नझीर मामू. मुंबईहून मागवलेला, चुनाळ्यात जपून ठेवलेला. ईदच्या आदल्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो, ते हातपाय धुऊन वुजू करायला उठले तेवढ्यात चुनाळं रिकामं केलं, आणि मनाशी म्हटलं, ईद झाली की सांगू. घरी येऊन मका शिजवला, खिम्याच्या मशिनीतून काढला. आसमानं सांदणासाठी तांदळाचं पीठ काढून ठेवलं होतं. मी म्हटलं, यंदा सांदण नको, ते बाजूला ठेव आणि तूही जरा बाजूला हो. ती बाजूला झाली आणि पेटीवर जाऊन बसली. मी एकट्यानं सगळे तमाले बांधले. पीठ मला जरा सैल वाटत होतं, तुमच्यापाशी काय लपवू, पण ते तिला सांगून माझा काय फायदा?

ईदच्या सकाळी टोपात पाणी घातलं, पाण्यात एक नाणं टाकलं (पाणी उकळतंय तोवर ते खडखडतं, गप्प झालं की पाणी संपलं असं समजायचं, ही मडमचीच युक्ती), वर चाळण आणि चाळणीवर तमाले ठेवून स्टोव्ह पेटवला. आसमाला बजावलं, खडखड ऐकत राहा, झाकण उघडू नकोस आणि कृपा करून रागवू नकोस. मग नमाजाला गेलो. दुआत काय मागितलं ते अल्लाला ठाऊक, पण गुरुवारचा उल्लेख त्यात बराच झाला. तिथून गळाभेटी आटपत, मामूंना बरोबर घेऊन घरी यायला चांगलाच उशीर झाला. आणि आमचा जिना चढता चढता मामूंनी चुनाळं उघडलं.

खाला, तुमच्या भावाच्या रागाचं वर्णन मी तुमच्यापाशी काय करावं! ईदचा दिवस, दुकानं बंद, हातात पान, पानावर सुपारी आणि चुन्याचा पत्ता नाही. “माझा चुना कोनी खाल्लान?” असं ते जिन्यात ओरडले ते तिसऱ्या मजल्यावरच्या इराणी कुटुंबानंही दार उघडून ऐकलं. आत टोप खडखडतोय, दाराशी पेटी, आणि मी मामूंचा हात धरून म्हणतोय, मामू, तमाले उतरेपर्यंत तरी हसा. “तुझा डोका फिरला काय रे?” मी म्हटलं फिरलाय, पण हळू बोला. आसमा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. हात ओले, कपाळावर घाम. नुसत्या टोपापाशी बसून एवढा घाम कशानं आला, हे मी विचारणार होतो, पण मडमच्या आजीची आठवण होऊन तोंड मिटलं. मामूंची नजर पेटीवर गेली. “बांधलंस?” “बांधलंय,” ती म्हणाली. आणि नेमकी त्याच वेळी आतली खडखड थांबली.   वाटलं, आता तमाले कच्चे, मामू चिडलेले, बायको पेटीपाशी. कासम, तुझा संसार आटोपला.

आसमानं टोप उतरवला आणि ताटं वाढली. मी साल उलगडली आणि खाला, काय सांगू! पांढरेशुभ्र! मक्याचा पिवळेपणा औषधालासुद्धा नाही. मऊ, लुसलुशीत, तांदळाच्या तोंडात मारील असं पीठ. त्या चुन्याचं सामर्थ्य मला त्या दिवशी कळलं. मडमच्या घरचे याच्यापुढे काहीच नव्हेत, आणि हे मी जाणकार म्हणून सांगतो. मामूंनी एक खाल्ला, मग आणखी एक, मग पान बाजूला ठेवून तिसरा घेतला. मिरची चांगली झणझणीत होती, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मग विचारलं, “ह्या कोनी केलान?”

मी ‘मी’ म्हणायला तोंड उघडलं होतं. एवढ्यात समोर पेटी दिसली. आणि माझ्या तोंडून गेलं, “आसमानं.” ईदच्या दिवशी, नमाज पढून आलेल्या तोंडानं मी धडधडीत खोटं बोललो, खाला. माझे तमाले, माझी मेहनत, माझा चुना (बरं, मामूंचा) मी एका शब्दात देऊन टाकला. जिवावर आलं. पण मनात म्हटलं, ती गेली तर हे तमाले घेऊन मी काय करू? घरी येऊन कुणाची झाकणं उघडू? मला ती इथे हवी आहे, हे साधं वाक्य मला तिच्यासमोर कधी बोलता आलेलं नाही, म्हणून खोटं बोललो. आसमा माझ्याकडे बघतच राहिली. इतका वेळ तिनं माझ्याकडे लग्नातही पाहिलं नव्हतं. मग मामूंनी हात धुतले आणि तो गुरुवारचा प्रश्न विचारला, “मग आसमा, जुमेराती येतंस?” तिनं पदर सावरला आणि म्हणाली, “मामू, आनी एक वाढू?” मामू म्हणाले, “वाढ.” बस. हात धुतलेला माणूस पुन्हा जेवायला बसला, त्यांनी पुन्हा विचारलं नाही आणि तिनंही सांगितलं नाही!

आज दुसरा दिवस. पेटी तिथेच आहे, दोरीही तशीच आहे, मी लांबून गाठ बघून घेतली. तुम्ही तिची आई. ‘आणखी एक वाढू’ याचा अर्थ जाते असा होतो की राहते असा, तेवढं तार करून कळवा. तोवर मी पेटीला वळसा घालतोय.

आधी तुमचा भाचा, मग जावई,
कासम

ता.क. घरमालकाची कबुतरं कालपासून जड होऊन गच्चीत बसून आहेत, उडत नाहीत. तो दोनदा येऊन विचारून गेला. गावी कोंबड्या अशा जड होऊन बसल्या की तुम्ही काय औषध देता ते कळवावं.

दुसरा ता.क. खरं काम हे की, ती गुरुवारी निघालीच, तर तिथे उतरल्यावर तिला रागवू नका, आठ दिवस ठेवून घ्या आणि मग सांगा की कासमनं मसाल्याचे डबे पुन्हा तिच्या पद्धतीनं लावलेत. आज सकाळीच लावले. कसे होते ते आठवेना, अंदाजानं लावले. पाकीट उघडं ठेवतोय, कारण आसमालाही तुम्हाला दोन ओळी लिहायच्या आहेत. ती माझं पत्र वाचणार नाही, माझं अक्षर तिला बघवत नाही.

आई, सलाम. सगळं वाचलं.

मका टोपात विरघळून त्याची खीर झाली होती. हे नमाजाला गेले तेव्हा मी सांदणाच्या पिठाची उकड काढली आणि त्याच साली धुऊन, त्याच मिरचीचे तमाले वळले. मका गच्चीत कबुतरांना टाकला. त्यांना औषध नको, भूक लागली की उडतील. आणि मडमच्या आजीचं म्हणणं खोटं आहे. मी एकेक तमाला रागानं वळला आणि एकही कच्चा राहिला नाही.

मामूंना ‘येते’ म्हणायचं हे मी मनाशी पक्कं करून बाहेर आले होते. ह्यांनी माझं नाव घेतलं आणि ह्यांचे कान लाल झाले. आपण माझ्यासाठी खोटं बोललो असं ह्यांना वाटतंय. वाटू दे. तू सांगू नकोस.

डबे सगळे चुकीचे लावलेत. मी हलवले नाहीत. कुणी इकडे येत असेल तर हळदीचे गड्डे पाठव, तुपाच्या रिकाम्या डब्यात माती घालून लावीन.

पेटी कालपासून रिकामी आहे, दोरी तेवढी परत बांधून ठेवली. तुझ्या जावयानं एकदा उचलून बघितली असती तर कळलं असतं.