खांदा पडतोय तुझा

दगडूदादा,

मी तुझा बँड सोडून शेजारगावच्या बँडमध्ये गेलो, तेव्हापासून तू बोलत नाहीस. आता इथे दुबईत गोल्फच्या मैदानावर गवत कापतो.

आज सरावाला कॅनडाचे दोन खेळाडू समोरासमोर आले. लहानपणापासूनचे दोस्त. पण एक नव्या टूरमध्ये, म्हणजे नव्या स्पर्धांच्या मालिकेत गेला, दुसरा जुन्यातच राहिला आणि बोलणं तुटलं, असं सुपरवायझर सांगत होता.

नव्यावाल्याचा फटका चुकला. जुन्यावाल्याला राहवलं नाही. "खांदा पडतोय तुझा," तो म्हणाला.

"तुझ्याशिवाय कोण सांगणार?" म्हणत नव्यावाल्याने त्याला मिठीच मारली.

मी मशीन बंद करून बघत राहिलो.

दादा, त्या बँडमध्ये मी बेसूर वाजवलं तरी कुणी टोकत नव्हतं रे.

पत्र टाकलं तर तू फोडणार नाहीस. म्हणून फोनच लावतो.

तुझा धाकटा,
मिथुन