व्याहीबुवांची बटणाची कॉफी

प्रिय ताईच्या आई,

फार उशिरा लिहितोय, रागावू नकोस. तू ताईच्या सासरहून शेजारणीच्या हाती पाठवलेली पिशवी कधीच पोचली, पण पोचली एवढंही मी कळवलं नाही. लिहायला बसलो की पेन नुसतं बोटांत फिरत राहतं. शाळा चौथीत सुटली ती सुटलीच, आणि 'प्रिय' तर आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय. हसू नकोस. हे पत्र एकटी असताना वाच. व्याहीबुवांना मोठ्यानं वाचून दाखवायचं नाही.

ताई कशी आहे? बाळंतिणीला गार वारा लागू देऊ नकोस. बाळ रात्री फार रडतं म्हणालीस, कान दुखत असेल, डॉक्टरला दाखवा. माझी काळजी करू नकोस, मी ठीक आहे. गुडघा आहे तसाच आहे. गॅस बंद केलाय की नाही ते बघायला अर्ध्या जिन्यातून परत येतो. तू होतीस तेव्हा ओरडायचीस म्हणून एकदाच यायचो, आता तीन-तीनदा येतो. ओरडायला कोणी नाही.

शेजारणीनं पिशवी देताना सांगितलं, "काकू म्हणाल्या, ह्यांना धातू टाकवत नाही, काहीतरी करतील." जन्मभर दुकानात लोकांचे स्टोव्ह दुरुस्त केले, म्हणून तुला वाटलं असेल मी खूश होईन. उघडून बघतो तर व्याहीबुवांच्या कॉफीच्या यंत्रातल्या वापरलेल्या ॲल्युमिनियमच्या डब्या, सोनेरी, जांभळ्या, हिरव्या, अंगठ्याएवढ्या. एक डबी म्हणजे एक कप, आणि प्रत्येक कपासमोर खुर्ची ओढून बसलेले व्याहीबुवा. मी मोजल्या नाहीत. मोजवेनात.

दुसऱ्या दिवशी भंगारवाल्याकडे नेल्या. त्यानं एक हातात घेतली, वास घेतला आणि परत पिशवीत टाकली. म्हणाला, "आजोबा, आत ओला चोथा, वर चिकटवलेली पन्नी. एकेक फोडून, धुवून, वाळवून आणा, मग घेतो. एवढ्याशासाठी मी माणूस बसवू का?" तिथं कचरा निवडणाऱ्या एक बाई होत्या. त्या म्हणाल्या, ह्या इतक्या लहान की आमच्या जाळीतून खाली पडतात आणि सरळ कचऱ्याच्या डोंगरावर जातात. मग तसाच घरी आलो आणि गॅलरीत पक्कड घेऊन बसलो. पन्नी सोल, चोथा काढ, डबी धू. चोथा तुझ्या गुलाबाला घातला. बोटं चिरली, पण ते राहू दे. मला राग आला तो वेगळाच. चांगला धातू गं! ह्याचं भांडं केलं असतं तर ताईच्या बाळाच्या नातवंडांनी वापरलं असतं. इथं तो चार घोटांत संपला. कंपनी परत घेते असं व्याहीबुवा म्हणाले ना फोनवर? मग परत द्यायच्या डब्या तुमच्या ओट्याखाली एवढ्या साठल्या कशा, हे विचार त्यांना. नाही, नको विचारूस. मी विचारायला लावलं असं वाटेल.

बटण दाबायला काय लागतं, तूच सांग. गुडघ्यांत चक्की धरून दाणे दळावे लागत नाहीत, फडक्यातून गाळताना हात भाजत नाही. फोनवर मागे ते यंत्र घरघरतं तेव्हा पहिल्यांदा मला वाटलं व्याहीबुवा घोरताहेत. आणि तू म्हणतेस, "अहो, रोज अगदी एकसारखी होते!" एकसारखी! मग भांडायचं कशावरून? माझ्या हातची एक दिवस कडू व्हायची, एक दिवस पाणचट. तू पहिला घोट घेऊन नाक मुरडायचीस आणि कप मात्र तळापर्यंत संपवायचीस. त्या नाक मुरडण्यावर माझा दिवस सुरू व्हायचा. अजूनही सकाळी हात आपोआप दोघांपुरते दाणे घेतो. दुसरा कप टेबलावर गार होतो आणि मग तो मीच पितो, टाकवत नाही म्हणून.

व्याहीबुवा माणूस वाईट नाही, हे मी मानतो. बायको वारल्यापासून एकटे आहेत, घर मोठं आहे, विनोद चांगले सांगतात. पण एवढे? परवा फोनवर तू सांगत होतीस की त्यांनी हसवून हसवून पुरेवाट केली. मी विचारलं, काय बोलले? तर म्हणालीस, "ते सांगून नाही कळायचं हो." मला न कळणारा विनोद म्हणजे कसला असतो? रात्रभर तोच शोधत होतो.

आता खरं काय ते लिहितो. फोनवर बोलता आलं नाही, कारण तू फोन स्पीकरवर ठेवतेस आणि सगळं घर ऐकतं. त्याच फोनवर मागून व्याहीबुवा म्हणाले, "विहीणबाई, आता इथंच राहा, त्यांनाही बोलावून घेऊ." तू हसलीस. 'नाही' म्हटलं नाहीस. मी कान लावून वाट बघितली, तू नुसती हसलीस. तेव्हापासून माझं कशात लक्ष नाही. म्हणून सोबत एक पुडकं पाठवतोय. तुझ्याच एका डबीचं माप घेऊन जुन्या पंपाच्या स्टीलच्या नळीतून तशीच डबी केली आहे, फिरकीचं झाकण, वर-खाली बारीक भोकं. आत माझ्या चक्कीवर दळलेली कॉफी भरली आहे. ही टाकायची नाही, धुवायची आणि पुन्हा भरायची. यंत्र मी पाहिलेलं नाही, काठ जाड झाला असेल तर जोर लावू नकोस, नाहीतर त्यांचं यंत्र मोडलं म्हणून मला ऐकावं लागेल. बसली तर बटण तू स्वतः दाब, त्यांना दाबू देऊ नकोस. आणि पहिला घोट घेऊन नाक मुरडावंसं वाटलं का, तेवढं कळव. वाटलं असेल तर त्याच ओळीत कधी निघतेस तेही लिही. बाळाला सोडवत नसेल तर तसंही लिही, मीच चक्की घेऊन येतो. पण लवकर लिही. फोन करू नकोस, दोन ओळी लिही.

तुझाच,
गॅस पुन्हा बघून आलेला