घाटासाठी लांब क्रँक

३० मार्च, पाडवा.
मुहूर्तावर गाडीचं इंजिन खोललं. नारळ फोडला. शंभर सीसीचं सव्वाशे करतो. क्रँक लांब केला की पिस्टन जास्त पल्ला मारते, ताकद वाढते. साधी गोष्ट आहे, पण धामणगावात एवढं डोकं कोणाले आहे?

कारण राजूर घाट. दरसाल आखाजीले, म्हणजे अक्षय्य तृतीयेले, जयमालाले माहेरी अमडापूरले नेतो. घाटातल्या खड्या वळणावर डबलसीट गाडी दम टाकते. मग ती उतरून चालते, मी वर टपरीवर थांबतो. ती येईस्तोवर माझा चहा झालेला असते. मागच्या साली साडू राजकुमार जीपमधून दात काढत गेला. यंदा बायको बसूनच घाट चढंल. शब्द दिला तिले. ती भाजी निवडत होती, हो म्हणे.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
जयमालानं इचारलं, नवा क्रँक आला का. म्हटलं, ऑर्डर उद्या देतो. मग आज काऊन खोललं म्हणे. मुहूर्त वाया घालवू काय?

७ एप्रिल.
मोताळ्याच्या लेथवाल्या अश्वजितभाऊनं काम घेतलं. ते मळणीयंत्राचे शाफ्ट बनवतात, म्हणजे मजबुतीचा सवालच नाही. गाडी नाही म्हणून जयमाला शेजारच्या करिष्माची स्कूटी शिकून राह्यली. शिकू दे. चार दिवसांची हौस.

१५ एप्रिल.
क्रँक बसला. झकास. फक्त पिस्टन वर येऊन सिलिंडरच्या झाकणाले, हेडले धडकते. किरकोळ. सिलिंडरखाली जाड पट्टी टाकतो.

१६ एप्रिल.
पट्टी टाकली. सिलिंडर उंच झाला, आता टायमिंगची चेन पुरत नाही. अश्वजितभाऊ म्हणे, जुना क्रँक परत टाका. म्हणून जुना क्रँक भंगारात देऊन आलो. मन डगमगाले नको.

२४ एप्रिल.
लांब चेन भेटली. आता वर पेट्रोलची टाकी बसत नाही. सुतळीनं तिरपी बांधली. किक मारली तर किकनंच उलटी लाथ हाणली. पोटरी सुजली. ताकद वाढली हे सिद्ध झालं.

२९ एप्रिल.
चालू झाली. घरातली भांडी हलली. मग खट्ट आवाज, अंगणभर ऑइल. इंजिनचं केसिंग फुटलं. लोखंडच आजकाल कच्चं येते, त्याले मी काय करू? डोळ्यात पाणी आलं. धूर लई होता. उद्या आखाजी. शब्द दिलेला, घरात नजर चुकवून राह्यलो. जयमाला म्हणे, करिष्मा स्कूटी देते, मी चालवीन.

३० एप्रिल, आखाजी. अमडापूर.
जयमाला पुढं, मी मागं, मांडीवर पिशवी. त्याच वळणावर स्कूटीनं दम टाकला. जयमालानं पाय टेकवला अन् म्हणे, उतरा जरा.

उतरलो. पिशवीही माझ्याकडंच राह्यली. राजकुमारची जीप आली, त्यानं हात हलवला. स्कूटीले लांब क्रँक बसते का, पाहावं लागंल. वळण एवढं लांब आहे हे मले ठाऊक नव्हतं. सावली कुठंच नाही. ती दरसाल हे चढून येते.

वर टपरीवर जयमाला बसलेली. दोन चहा सांगून ठेवले होते. दोन्ही कपांवर बशा झाकलेल्या. इचारलं, तू काऊन नाही पेली? म्हणे, तुम्ही यायचे होते ना.

चहा थंडा झाला होता. बसलो, पेलो.