मी गाडी घेऊन पळालो नाही

सोलापूर
मंगळवार, दि. १७ फेब्रुवारी २०२६

प्रिय मित्र श्री. सिदू यांस,

धोंडिरामचा सप्रेम जय भीम. रिवाज असा की आधी क्षेमकुशल विचारावे. परंतु एक दुरुस्ती तातडीची असल्यामुळे ती प्रथम करतो. मी आपल्याला झॉम्बींच्या तोंडी देऊन गाडी घेऊन पळालो नाही. आता क्षेमकुशल. आपल्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेस चार महिने झाले. जिना उतरताना आधी कोणता पाय खाली टाकावा, हे ध्यानात राहते ना? (दुखरा.) फुलाबाई वहिनींची प्रकृती ठणठणीत असावी, कारण गेल्या तीन आठवड्यांत मी अकरा वेळा दूरध्वनी केला आणि अकराही वेळा त्यांनी तो स्वतः उचलून, 'त्ये शेळ्यांकडं गेल्यात,' असे खणखणीत आवाजात सांगितले. शेळ्या आपण दोन वर्षांपूर्वी विकल्या आहेत.

आपण निवृत्त कर्मचाऱ्यांच्या व्हॉट्सॅप गटावर टाकलेला सहा मिनिटांचा ध्वनिसंदेश मी चार वेळा ऐकला. त्या गटात बेचाळीस माणसे असून त्यांपैकी एकालाही हा संगणकावरचा खेळ ठाऊक नाही, याचा विचार आपण करावयास हवा होता. 'धोंड्यानं मला मढ्यांच्या तोंडी दिलं आन् गाडी घिऊन ग्येला,' हे ऐकून येडू पेंटरने, तक्रार कोणत्या पोलीस ठाण्यात झाली आहे, अशी माझ्याकडे चौकशी केली. चनबसप्पांनी तर आपल्याला श्रद्धांजली वाहिली. (जोडलेले हात दोन आणि पणती एक. पुढे आपणच त्यांना 'धन्यवाद' असे उत्तर दिलेत, त्यामुळे गोंधळ वाढला.) सबब मूळ प्रकार क्रमाने लिहीत आहे. तो आपण गटात वाचून दाखवावा, ही विनंती.

खेळ आपल्या दोघांच्या संगणकांत घातला तो माझ्या कन्येने, धम्मप्रियाने. आपला गुडघा आणि माझा रक्तदाब यांमुळे कुर्डुवाडी ते सोलापूर हे अंतर आता आपल्याला विलायतेएवढे झाले आहे. निदान खेळात तरी भेटा, असा तिचा हेतू. त्यात जग रोगाने ओस पडले असून मेलेली माणसे रस्त्यांतून हिंडत असतात. (त्यांना 'हिंडती मढी' म्हणावे, ही माझी सूचना. आपण संदेशात निदान 'मढी' एवढे तरी स्वीकारलेत, याबद्दल आभार.) जिवंत उरलेल्यांनी बेवारस मोटारी पान्याने उकलून, त्यांच्या सुट्या भागांतून स्वतःची गाडी जुळवावयाची. आता एकतीस वर्षे रेल्वेच्या एकाच वर्कशॉपात, मी देखरेखीला चार्जमन आणि आपण फिटर, अशी काढलेल्या माणसांना याहून मोठा मोह कोणता? इतर खेळाडू मढी मारतात. आपण दोघांनी दोन महिन्यांत एकही मारले नाही; नट मात्र सहाशे जमविले. धम्मप्रियाच्या मते असे खेळाडू दुर्मीळ आहेत.

चौकट आपण जोडलीत, इंजिन आपण बसविलेत, बॅटरी आणि दोन आसनेही आपणच बसविलीत. मी तपासणी केली. तपासणीत भोंगा नसल्याचे आढळले. भोंग्याविना गाडी चालते, हे मला मान्य आहे. परंतु चालते म्हणून चालवावी, असे होत नाही. दोन लांब भोंगे वाजल्याखेरीज एकही चाक हलवू नये, ही आपल्या शेडची शिस्त होती आणि दारावरची ती पाटी माझ्या हस्ताक्षरात होती. त्यावर आपण म्हणालात, 'आरं, आपुन निघालो म्हनून मढ्यांना कशाला सांगतो?' मी उत्तरलो की नियम मेलेल्यांसाठी नाही, जिवंतांसाठी आहे. या उत्तराचा मला आजही अभिमान वाटतो, जरी परिणाम आपल्यावर झाला.

आवाज झाला की मढी धावून येतात, हे धम्मप्रियाने पहिल्याच दिवशी सांगितले होते. (मी ते वहीत उतरवूनही घेतले होते. अक्षर सुवाच्य आहे.) मुहूर्ताच्या दिवशी आपण मागच्या चाकाचा शेवटचा नट आवळत होता. मी आसनावर बसून दोन लांब भोंगे दिले. त्यासरशी शेजारचे आख्खे गाव, बाजाराला निघाल्यासारखे, आपल्या दिशेने आले. मी गाडी हाकली. येथपर्यंत आपले कथन बरोबर आहे.

यापुढे चुकते. आपण मागे बसला आहात, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. कारण आपला आवाज कानात घातलेल्या यंत्रातून, अगदी मानेमागून यावा तसा येत होता. 'थांब की, आरं थांब की लेका,' असे आपण ओरडत होता, हे खरे. परंतु माझ्या स्कूटरवर मागे बसून आपण एकतीस वर्षे प्रत्येक वळणावर हेच ओरडत आलात. मी कधी थांबलो नाही आणि कधी काही झाले नाही. तरीही मी, 'नीट बसलात ना?' असे रीतसर विचारले. 'कुटं बसू? तंगडी खात्यात माझी,' हे आपले उत्तर मी शस्त्रक्रियेच्या पायाशी जोडले आणि गोळी वेळेवर घेण्याचा सल्ला दिला. मैलभर पुढे गेल्यावर वळून पाहिले, तो आसन रिकामे. पळण्यास हेतू लागतो. मला तो नव्हता.

आमच्या सौ. शालनने हे सारे वाचून, 'एवढं लिवन्यापरीस चुकलं म्हनायचं,' असे मत दिले आहे. ते नोंदवून घेतले आहे.

आपला,
धोंडिराम

ता. क. आपल्या संदेशातील तारखा अशा दुरुस्त कराव्यात:

खेळ दिवाळीत सुरू झाला नाही. रविवार, १६ नोव्हेंबर रोजी झाला.

चारही चाके '४ जानेवारीपासून म्हैनाभर' शोधली, हे चूक. ११ जानेवारीस ती मिळाली होती, आठ दिवस. ती आपण एकट्याने शोधलीत, हे मात्र बरोबर. मी त्या आठवड्यात भोंगा शोधत होतो.

घटना झेंडावंदनाच्या दिवशी घडली नाही. आदल्या दिवशी, रविवार, २५ जानेवारी, दुपारी चार.

'गाडी अजून धोंड्याकडंच हाय,' हे चूक. त्याच दिवशी, चार वाजून बारा मिनिटांनी ती तळ्यात गेली. ब्रेक कोणता, हे विचारावयाचे माझ्याकडून राहिले होते.

२७ जानेवारी, २९ जानेवारी, १ फेब्रुवारी, ८ फेब्रुवारी: या तारखा आपल्या संदेशात नाहीत, कारण त्या आपल्याला ठाऊक नाहीत. मेलेल्या खेळाडूची झोळी तेथेच पडून राहते. ती आणावयास मी चार वेळा पायी गेलो आणि चारही वेळा मला खाल्ले. पाचव्यांदा, काल, आणली. आतला पाना मोजून पाहिला, एकच आहे.

रविवार, २२ फेब्रुवारी, दुपारी चार: ही तारीख अद्याप घडलेली नाही, त्यामुळे तीत काय चुकले, हे आज लिहिता येत नाही. तू ये. नवी गाडी जुळवायची आहे आणि मला वेल्डिंग येत नाही.