सात बुकिंग आणि अकरा डबे

सोमवार, ५ जानेवारी १९९८

आज आलेलं सामान व खर्च:

हवाबंद डबे, झाकणांसकट – ११. डिपॉझिट रु. ९००.
रंगीत कॅटलॉग – २०. फुकट.
बुकिंगचं रजिस्टर – १. फुकट. मागची कोरी पानं दुधाच्या हिशेबाला चालतील.
चेनवाली मोठी पिशवी – १. फुकट. भाजीला उत्तम.
कंपनीच्या अमिताजी आल्या, त्यांना चहा व दोन बिस्किटं. एक त्यांनी खाल्लं नाही. परत बरणीत.

नियम सोपा आहे. मी घरी बायका बोलवायच्या, डबे दाखवायचे. त्यातल्या चौघींनी आपापल्या घरी तशीच पार्टी ठेवायचं कबूल केलं की चार बुकिंग झाली. पाच फेब्रुवारीपर्यंत चार झाली तर किट माझं आणि डिपॉझिट परत. नाही झाली तर किट परत, आणि जेवढे डबे कमी तेवढे पैसे कापणार. चार बुकिंग म्हणजे काय, चार घरं. सुदामा नगरात मला चारशे घरं ओळखतात.

नऊशे रुपये लेकीच्या, अनुश्रीच्या कॉम्प्युटर क्लासच्या दुसऱ्या हप्त्याचे. हप्ता पाच फेब्रुवारीलाच आहे, म्हणजे तारीखसुद्धा जुळली. पैसे देव्हाऱ्यामागच्या टिनमध्ये होते. देवाचा कौल घेऊनच काढले. फूल उजवीकडे पडलं. आधी एकदा डावीकडे पडलं होतं, पण तेव्हा खिडकी उघडी होती.

ह्यांना सांगितलं नाही. मिल बंद पडून सहा वर्षं झाली, कामगारांचे पैसे अजून कोर्टात अडकलेत, आता सांवेर रोडला नटबोल्टच्या फॅक्टरीत रजिस्टर लिहितात, डोक्याला ताप नको. अनुश्रीलाही नाही. सरप्राइज.

गुरुवार, ८ जानेवारी. दत्ताचा वार.

अमिताजींकडे ट्रेनिंग. टेम्पो जाऊन-येऊन चार रुपये. मॅट्रिकला माझे पाठांतरात पैकीच्या पैकी होते, त्यामुळे वहीची गरज पडली नाही. तरी नोंद करते:

गेस्टना रिकामं बसू द्यायचं नाही, गेम खेळवायचे. माल त्यांच्या हातात द्यायचा. हातात गेलेली चीज बाई खाली ठेवत नाही, म्हणाल्या. आणि कधीही “ठेवाल का” असं विचारायचं नाही. “शुक्रवारी ठेवू की शनिवारी?” असंच विचारायचं. म्हणजे नाही म्हणायला जागा उरत नाही.

घरी प्रयोग केला. ह्यांना विचारलं, चहा शुक्रवारी घेणार की शनिवारी. हे म्हणाले, आत्ता. पद्धत काम करते आहे.

शनिवार, १० जानेवारी. सकाळी.

डेमोची रिहर्सल. डब्यात पाणी भरून, झाकण दाबून, गेस्टच्या डोक्यावर उलटा धरायचा. थेंब पडत नाही हे बघून बायका टाळ्या वाजवतात म्हणे.

हे पेपर वाचत होते. त्यांच्या डोक्यावर धरला.

पेपर वाळत घातला आहे. हे म्हणाले, मिलमध्ये सव्वीस वर्षांत कधी असं भिजलो नाही. चूक झाकणाची नाही, ह्यांच्या डोक्याची, हलवलं त्यांनी. तरी निश्चय: पार्टीत पाणी नको. कोरडा माल भरायचा.

सोमवार, १२ जानेवारी

सुचलं! पूजेत सुचलं, म्हणजे वरूनच आलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू करायचंच आहे. पार्टीही करायची आहे. दोन्ही एकाच दिवशी केली तर कॉफी एक, सतरंजी एक, तिळगूळ एक. शिवाय “पार्टी आहे” म्हटलं तर सुदामा नगरात विचारतील, कोणाचा बर्थडे? त्यापेक्षा “हळदीकुंकवाला या” एवढंच सांगायचं.

वाणाचा खर्चही वाचला. वाण म्हणून कॅटलॉग देणार. रंगीत आहे, गुळगुळीत कागद आहे, घरात चार लोक वाचतात. गेल्या वर्षी साबणदाण्या दिल्या त्या कोणी वाचल्या का?

सियागंजातून तीळ अर्धा किलो, गूळ अर्धा किलो. दुकानदार म्हणाला, माताजी, एक-एक किलो ले लो. म्हटलं भिया, बायका येणार आहेत, बारात नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी. संध्याकाळी साडेसात.

झाली! अशी पार्टी कंपनीच्या इतिहासात झाली नसेल.

अकरा जणी आल्या. डबेही अकरा. हा योगायोग म्हणायचा नाही. प्रत्येक डब्याला सकाळीच हळदीकुंकवाची बोटं लावली होती, नव्या वस्तूला लावतोच आपण. आत एकेक तिळाचा लाडू, कोरडा डेमो म्हणून. अकरा डबे चौरंगावर मांडले तेव्हा माझंच मन भरून आलं.

आधी गेम. जिच्या पर्समध्ये सगळ्यात जास्त वस्तू तिला नारळ (देवळातला, खर्च नाही). शेजारच्या द्वारकाबाईंच्या बटव्यात एक सुपारी आणि गुडघ्याच्या गोळ्या. समोरच्या सरोजिनीबाई जिंकल्या. दोन हळदीकुंकवं उरकून आल्या होत्या. पर्समधून कंगवा, चहाची गाळणी, मेणबत्त्यांचं पाकीट असं निघालं. बाईंना गृहोपयोगी वस्तूंची जबरदस्त आवड आहे. रजिस्टरमध्ये त्यांच्या नावापुढे दोन चांदण्या काढल्या.

मग हळदीकुंकू लावून प्रत्येकीच्या हातात एक डबा दिला, वर कॅटलॉग. म्हटलं घ्या, हातात घ्या, संकोच नको. अमिताजी म्हणाल्या होत्या ते अगदी खरं, एकीनंही खाली ठेवला नाही. सरोजिनीबाईंनी विचारलं, मोठा घेतला तर चालेल ना? म्हटलं तुमच्या आवडीची साइज घ्या. केवढ्या खूश झाल्या.

मी कॉफी आणायला आत गेले, बाहेर येते तर सगळ्यांनी डबे पिशव्यांत ठेवलेले. ट्रायलसाठी! मी सुचवायच्या आधीच!

निघताना विचारलं, आपल्याकडे कधी ठेवू? तर सरोजिनीबाई म्हणाल्या, आमचं हळदीकुंकू रथसप्तमीला, नक्की या. द्वारकाबाई, मंगळवारी. बाकीच्याही भराभर सांगायला लागल्या. शुक्रवार की शनिवार विचारायची पाळीच आली नाही. लिहिता लिहिता हात दुखला. एकूण सात.

सात बुकिंग! हवी होती चार.

शनिवार, १७ जानेवारी

अमिताजींना कार्ड टाकलं: सात बुकिंग, सगळा माल ट्रायलवर. ट्रायलचे नियम कळवावेत, कारण ट्रेनिंगमध्ये तुम्ही ते सांगितले नाहीत.

अनुश्रीनं विचारलं, आई, हप्त्याचे पैसे हैं ना? म्हटलं सुरक्षित आहेत. हे खोटं नाही. अकरा चांगल्या घरांत आहेत.

रविवार, १८ जानेवारी

भाजीच्या ठेल्यावर सरोजिनीबाई. म्हणाल्या, या वर्षी तुम्ही काय भारी वाण लुटलंत हो! आमचे हे म्हणाले, मिलचे पैसे मिळालेले दिसतात.

हसले. नंतर मेथी निवडताना थोडं विचित्र वाटलं. पण बोलण्याची पद्धत असते एकेकीची.

मंगळवार, २० जानेवारी

पहिलं बुकिंग, द्वारकाबाईंकडे. चेनवाली पिशवी, रजिस्टर, उरलेले नऊ कॅटलॉग घेऊन वेळेवर पोचले. सतरंजीच्या मध्यावर उभी राहून म्हटलं, सख्यांनो, आजचा विषय आहे ताजेपणा. द्वारकाबाई म्हणाल्या, अगं बस खाली, आरती नंतर आहे.

हळदीकुंकू, तिळगूळ, वाण म्हणून एक कंगवा. डब्याचं विचारलं तर प्रेमानं स्वयंपाकघरात नेऊन दाखवला. लिंबाचं लोणचं भरलं आहे. म्हणाल्या, तुझी आठवण वर्षभर राहील गं बाई, तेल सुटत नाही मेलं.

प्रॉडक्टची तारीफ झाली. नोंद केली.

शुक्रवार, २३ जानेवारी

दुसरं आणि तिसरं बुकिंग एकाच दिवशी. मिळालं: कापराची डबी, साबणदाणी. साबणदाणी ओळखीची वाटली. मागे बघितलं तर गेल्या वर्षी मीच दिलेली.

तिसऱ्या घरचा डबा तर देवासला त्यांच्या विहीणबाईंकडे गेला. म्हणजे आपला माल आता आउट ऑफ स्टेशन आहे.

शनिवार, २४ जानेवारी. दुपार.

नानासाहेब आले. ह्यांच्याबरोबर मिलच्या टाइम ऑफिसात होते. धापा टाकत म्हणाले, शरच्चंद्र, पैसे वाटले म्हणे? आम्हांला कोणी सांगितलं कसं नाही? तुमच्याकडे लोकांना वाण म्हणून एअरटाइट डबे वाटताहेत, सगळ्या कॉलनीत चर्चा आहे. मी कोर्टात चौकशी करून आलो.

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी कंगवा कुठे ठेवला ते शोधायला आत गेले.

नानासाहेब गेल्यावर सगळं सांगावं लागलं. सगळं म्हणजे डबे, हप्ता नाही. हे म्हणाले, मिल बुडायला सत्तर वर्षं लागली, तुम्ही अकरा दिवसांत आटोपलंत. रविवार धरून.

ह्यांना कौतुक करता येत नाही.

रविवार, २५ जानेवारी

शांतपणे विचार केला. त्या बायकांना डबे वाण वाटले. त्यांची चूक आहे, पण चांगल्या घरच्या आहेत, माफ केलं.

प्रश्न एवढाच की परत कसे मागायचे? सवाष्णीला हळदीकुंकू लावून हातात दिलेलं वाण परत मागायचं? सात जन्म कोणी घरात घेणार नाही. देवाला कौल लावला. फूल पडलंच नाही, तिथेच चिकटून बसलं. देवसुद्धा विचारात आहे.

निश्चय: मागायचे नाहीत. पण बायका आपणहून देतील अशी परिस्थिती निर्माण करायची.

बुधवार, २८ जानेवारी

परिस्थिती निर्माण करायला तीन घरी गेले. प्रत्येक ठिकाणी म्हटलं, डब्याला काही त्रास नाही ना? असेल तर परत घेईन हं, अगदी संकोच नको. तिघी म्हणाल्या, छे हो, उत्तम आहे. एकीनं विचारलं, अजून दोन आहेत का? नणंदांना.

कंपनीचा माल इतका चांगला नसता तर बरं झालं असतं.

शनिवार, ३१ जानेवारी

सरोजिनीबाईंकडे माझ्यासाठी फोन. अमिताजी! म्हणाल्या, शारदाजी, सात बुकिंग? कमाल कर दी! मी स्वतः रथसप्तमीची पार्टी बघायला येते, बाकीच्या लेडीजना तुमचं उदाहरण द्यायचं आहे.

फोन ठेवला. सरोजिनीबाई म्हणाल्या, कोण हो? म्हटलं मैत्रीण. म्हणाल्या, आणा की हळदीकुंकवाला.

म्हणजे बघायला गेलं तर निमंत्रण रीतसर झालं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी. रथसप्तमी.

अमिताजी कायनेटिक स्कूटरवरून आल्या. सतरंजीवर बसल्या. दर पाच मिनिटांनी माझ्या कानात, डेमो कब शुरू होगा? म्हटलं, आधी आरती. मग म्हटलं, आधी कॉफी. मग कॉफीही संपली.

सरोजिनीबाईंनी वाणाला अकराच गाळण्या आणल्या होत्या. अमिताजी बाराव्या. बाई मोठ्या मनाच्या. पाहुणीला रिकाम्या हातानं कशी पाठवणार? आत गेल्या, मोठा डबा घेऊन आल्या, रवा तेवढा काढून घेतला होता. कुंकू लावून अमिताजींच्या हातात दिला.

अमिताजींनी उलटा करून तळावरचा किटचा नंबर वाचला. सात. म्हणाल्या, अरे, ये तो अपना प्रॉडक्ट है! कितने पीस मंगवाए आपने?

सरोजिनीबाई म्हणाल्या, मंगवाए कहाँ, इन्होंने ही वाण में दिया. सबको दिया. दिल बडा है इनका.

द्वारकाबाई म्हणाल्या, मेरे में लोणचं है.

सगळ्या माझ्याकडे कौतुकानं बघायला लागल्या. अमिताजी कौतुकानं नाही. काहीतरी बोलणं भाग होतं. म्हटलं, पुढची पार्टी शुक्रवारी ठेवू की शनिवारी?

अमिताजी डबा घेऊन गेल्या. बाहेर कायनेटिक बराच वेळ सुरू होत नव्हती.

बुधवार, ४ फेब्रुवारी

अनुश्रीला सांगितलं. नऊशे एवढंच सांगणार होते, पण सगळंच निघालं. ती म्हणाली, मालूम था आई, देव्हाऱ्यामागचं टिन झाडायला उचललं तेव्हाच हलकं लागलं होतं. रागावली नाही. ते जास्त लागलं. म्हणाली, सरांना विचारून आले, पंधरा तारखेपर्यंत थांबतील. उसके बाद सीट दुसऱ्याला.

संध्याकाळी क्लासमधून येताना एक कागद आणला. कॉम्प्युटरवर छापलेला, रेघा आखून. डबा नंबर, कोणाकडे, आत काय आहे, परत मिळण्याची आशा. शेवटच्या खान्यात दहा वेळा “नाही”. इतकं सुबक की हिशेबाच्या वहीत चिकटवावंसं वाटलं. पहिला हप्ता वाया गेला नाही, हे नक्की.

ह्यांनी कागद वाचला. म्हणाले, पोरगी मिलच्या टाइम ऑफिसात शोभली असती. मग खिशातून जोडकार्ड, एक पत्राला, एक उत्तराला, काढून माझ्यापुढे ठेवलं. आपणहून आणलं होतं. म्हणाले, लिहा मॅडम.

पत्राची नक्कल:

सौ. अमिताजी यांस स. न. वि. वि.

किटचा हिशेब: एकूण डबे अकरा. पैकी नं. ७ आपण दि. ३ रोजी समक्ष घेऊन गेलात, तो जमा धरावा. बाकी दहा चांगल्या घरांत रोज वापरात आहेत. इतका प्रचार कंपनीला विकत मिळाला नसता, तरी त्याचे पैसे मी मागत नाही. चेनवाली पिशवी परत करीत आहे, भाजी एकदाच आणली. रजिस्टरची मागची चार पानं लिहिलेली आहेत, क्षमस्व.

माझी सात बुकिंग झाली हे खरं आहे. पार्टी झाली नाही हेही खरं आहे. चूक माझी. बायकांना बोलावताना हळदीकुंकू एवढंच सांगितलं. वाण परत मागणं आमच्यात होत नाही, आणि झालं तरी माझ्याच्यानं होणार नाही. दहा डब्यांचे पैसे दरमहा थोडे थोडे देईन, पण डिपॉझिट आत्ता कापू नये. ते माझ्या मुलीच्या क्लासचे आहेत, तिला न विचारता भरले होते.

पंधरा तारखेच्या आत पैसे मिळाले तर तिची जागा राहील. तेव्हा होय की नाही एवढंच, सोबतच्या उत्तराच्या कार्डावर, ज्यावर माझा पत्ता आधीच लिहिलेला आहे, उलट टपाली कळवावे.