जिभेला चिकटलेलं हाड

काशी, चैत्र शुद्ध पंचमी, संध्याकाळ

हाडं-दात गोळा करणाऱ्या साहेबांनी शिकवलं होतं, दगड होत आलेलं जुनं हाड जिभेला चिकटतं. आज गंगेपलीकडच्या वाळूत एक तुकडा सापडला. जीभ लावली, चिकटला. सुवाच्य चिठ्ठी लिहिली: ‘प्राचीन हरिण’. साहेबांचे मदतनीस मिश्राजी हसले, “अरे भैया, चिता की हड्डी है! जली हुई भी चिपकती है.”

कुणीतरी आपलं माणूस गंगेला दिलं होतं. मी त्याला जीभ लावली, वर हरिण म्हटलं! तुकडा परत गंगेत सोडला. क्षमा कुणाची मागू?

घरी त्या विटाळलेल्या जिभेवर मी प्रसाद घेईना, तेव्हा आई म्हणाली, “जिभेला काय झालं रे?”

“पानाचा चुना लागला.”

तिने बोटाने जिभेला तूप लावलं. त्याच बोटाने देवापुढची वात सारली.